कुठल्यात जास्त मावेल?

शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी गेल्या वर्षी एकच प्रश्न विचारला होता, आणि त्या एका प्रश्नापायी अठरा पोरं घरी बसली. पिशवीतून त्यांनी दोन खोकी काढली, एक ठेंगणंठुसकं, एक लांबडं चपटं. टेबलावर शेजारीशेजारी ठेवली आणि म्हणाले, "सांगा बाळांनो, कुठल्यात जास्त मावेल? की सारखंच?" पाचवीतल्या एकूण एक पोराने छाती पुढे काढून सांगितलं, "लांबड्यात!" मावत होतं दोन्हींत सारखंच. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि वहीत लिहिलं, की इथल्या मुलांना मापाचा गंध नाही, सबब या शाळेला सहावीचा वर्ग देता येत नाही. झालं! एका ओळीत निकाल.

आता ही पोरं कुणाची म्हणाल, तर खोकी करणाऱ्यांची! वस्तीच्या मधोमध पुठ्ठ्याचा कारखाना, त्याच्याभोवती दीडशे घरं, आणि घराघरांत भिंतीला टेकवलेले पुठ्ठ्याचे ताव आणि कोपऱ्यात खळीचं भांडं. इथलं पोर पाढे म्हणायच्या आधी पुठ्ठ्याची घडी घालायला शिकतं. डोळ्यांवर पट्टी बांधा, हातात ताव द्या, सरळ कोपऱ्याचं खोकं वळून देईल. आणि साहेब म्हणतात मापाचा गंध नाही!

पण लिहिलं ते लिहिलं. सहावीसाठी मग हमरस्त्यापलीकडची मोठी शाळा, दोन बस बदलून जायची. एकवीसपैकी तिघं गेली. उरलेली अठरा दिवसभर आईबापांबरोबर खोकी वळत बसली. पाचवीच्या बाईंना ती रोज दिसायची. शाळेत येताना एका ओट्यावरून हाक यायची, "नमस्कार, बाई!" हाताला खळ लागलेली, तोंडावर हसू. बाई मान हलवायच्या आणि भरभर पुढे जायच्या. त्या हसण्यापेक्षा एखाद्या पोराने दगड मारला असता तर बरं, असं त्यांना वाटायचं.

यंदाच्या पाचवीत चोवीस पोरं होती. शुक्रवारी साहेबांचं पत्र आलं. येत्या गुरुवारी त्याच पाठावर तपासणी, यंदा एकेकाला वेगळं बोलावून. चोवीसपैकी निदान बारांचं उत्तर बरोबर आलं तर सहावी मिळेल. नाही आलं, तर पुन्हा विचारू नका.

शाळेतल्या मावशी झाडू टेकवून उभ्या होत्या. घंटा वाजवणं, पाणी भरणं आणि सगळ्यांना अक्कल शिकवणं ही तीन कामं त्या वीस वर्षं करत होत्या. बाईंचा चेहरा बघून म्हणाल्या, "कुणी गेलं का हो?"

"अजून नाही," बाई म्हणाल्या. "गुरुवारी जातील. चोवीस एकदम."

बाईंच्या नोकरीला काही धक्का नव्हता. सहावी मिळाली काय नि न मिळाली काय, त्यांचा पगार ठरलेला होता. म्हणूनच तर जीव जास्त जळत होता. बुडायचं पोरांनी आणि काठावर उभं राहून बघायचं बाईंनी, हे कुठलं शिकवणं?

सोमवारी त्यांनी ठोकळे आणले. सुताराकडून कापून घेतलेले, प्रत्येक बाजू तीन सेंटिमीटर, मोजून चोवीस. दोन खोकी स्वतः वळली होती, जरा वाकडीतिकडीच. ती बघूनच वर्गात खसखस पिकली. "बाई, कोपरा उसवलाय!" ढब्बू ओरडला. हा वर्गातला सगळ्यात गुबगुबीत मुलगा, आणि सगळ्यात आधी हसणारा.

"असू दे. इकडे लक्ष द्या." बाईंनी ठेंगण्या खोक्यात ठोकळे रचले. चार लांब, तीन रुंद, दोन थर. "किती झाले?"

"चोवीस!"

तेच ठोकळे काढून त्यांनी लांबड्यात रचले. सहा लांब, चार रुंद, एक थर. "आता किती?"

"चोवीस!"

"शाब्बास! मग जास्त कुठल्यात मावतं?"

"लांबड्यात!"

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. तोपर्यंत वकील उभी राहिली होती. ही दहा वर्षांची मुलगी, दोन वेण्या, एक दात पडलेला, आणि वाद घालायची अशी हौस की घरीदारी तिला कुणी नावाने हाकच मारत नसे. वकील म्हटलं की हीच.

"बाई, लांबड्याला ताव जास्त लागलाय," ती म्हणाली. "मी मोजलं. तुमच्या ठोकळ्याच्या चौकोनाने मोजलं तर ठेंगण्याला बावन्न चौकोन पुठ्ठा लागतो आणि लांबड्याला अडुसष्ट. सोळा चौकोन जास्त. एवढा पुठ्ठा काय उगीच घातलाय?"

"अगं, पण ठोकळे चोवीसच बसले ना तुझ्या डोळ्यांदेखत!"

"तुम्ही नीट नसतील बसवले," वकील शांतपणे म्हणाली, आणि सगळ्या वर्गाने माना डोलावल्या. वाकडी खोकी वळणाऱ्या बाईंचा काय भरवसा!

मंगळवारी बाईंनी वाळू आणली. वाळूला नीट बसवायचा प्रश्न नाही. ठेंगणं खोकं काठोकाठ भरलं, वरून पट्टी फिरवली, आणि ती सगळी वाळू लांबड्यात ओतली. लांबडंही काठोकाठ भरलं. एक कण इकडे नाही की तिकडे नाही. बाई विजयाने वर्गाकडे बघायला लागल्या.

"दाबली गेली असेल," मागच्या बाकावरून आवाज आला.

"सांडली असेल," ढब्बू म्हणाला.

"कुठे सांडली? दाखव!"

दाखव म्हटल्यावर काय! चोवीसच्या चोवीस पोरं बाकांखाली शिरली आणि सांडलेली वाळू शोधायला लागली. कुणाला पेन्सिल सापडली, कुणाला मागच्या महिन्यात हरवलेलं बटण. वाळू काही सापडली नाही. तरी एकानेही मान्य केलं नाही. ताव जास्त लागला म्हणजे मावणार जास्त, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. जन्मापासून तेच बघत आलेली ती. मुकादम ताव मोजून देतो, घरात तावाचा हिशेब ठेवतात, ज्याला ताव जास्त ते खोकं थोरलं. तिथे बाईंच्या दोन ओंजळी वाळूला कोण विचारतंय!

बाईंनी खोकी बाजूला सारली. मध्ये उरला एक दिवस. समोर चोवीस तोंडं, हसरी, निर्धास्त, आणि त्या प्रत्येकाच्या जागी बाईंना ओट्यावर बसून खळ लावणारं पोर दिसायला लागलं. मग त्यांनी जे केलं ते पंधरा वर्षांच्या नोकरीत कधी केलं नव्हतं.

"बसा सगळे," त्या म्हणाल्या. आवाज असा निघाला की पोरं टपाटप जागेवर जाऊन बसली. "समजत नाही ना? नका समजून घेऊ. परवा साहेब येतील. एकेकाला पलीकडच्या खोलीत बोलावतील. दोन खोकी दाखवतील आणि विचारतील, कुठल्यात जास्त मावेल? तुम्ही काय म्हणायचं? सारखंच मावतं. खोकी कशीही दिसू देत, तुम्हाला काहीही वाटू दे. म्हणायचं सारखंच. म्हणा!"

"सारखंच!" वर्ग म्हणाला.

"परत!"

"सारखंच मावतं!"

"पण बाई, लांबड्याला ताव..." वकील उठू लागली.

"खाली बस!" बाई कडाडल्या. "पुरे झाली तुझी वकिली. गुरुवारी तू तोंडातून दुसरा शब्द काढलास तर या सगळ्यांची सहावी बुडेल. तुझ्या एकटीमुळे. घे शपथ. गळ्याला हात लाव. लावा सगळ्यांनी."

चोवीस पोरांनी गळ्याला हात लावले. वकिलाने सगळ्यांच्या शेवटी लावला. तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं, पण तिने ते गालावर येऊ दिलं नाही. बाईंना स्वतःची शरम वाटली. एरवी कुणी साधी आईची शपथ घेतली तरी त्या रागवायच्या.

गुरुवारी आणखी एक संकट होतं. त्या दिवशी कारखान्याची गाडी वळलेली खोकी न्यायला यायची, आणि निम्मी पोरं शाळेला बुट्टी मारून घरी हात लावायची. म्हणून मंगळवारी शाळा सुटल्यावर बाई घरोघर फिरल्या. गुरुवारी तेवढं पोराला पाठवा, पाया पडते तुमच्या. शेवटी वकिलाच्या घरी गेल्या. एकच खोली, त्यात अर्धी खोली खोक्यांनी छतापर्यंत भरलेली. वकिलाची आई पाय पसरून घड्या घालत होती. वकील खळ लावत होती. तिने बाईंकडे मान वर करून बघितलं नाही.

"पाठवीन की," आई म्हणाली. "पण बाई, एक सांगते, राग मानू नका. सहावी इथे झाली तर ही शिकेल. नाही झाली तर घरीच. दोन बस बदलून दहा वर्षांची पोर मी धाडायची नाही. मला एकच लेक आहे."

"होईल सहावी इथेच," बाई म्हणाल्या. कशाच्या जिवावर म्हणाल्या, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. बोलायचं म्हणून त्यांनी वर रचलेल्या खोक्यांकडे बोट दाखवलं. "यांत काय भरतात हो?"

आईचे हात थांबले. तिने असं बघितलं, जणू बाईंनी चंद्रावर काय पिकतं ते विचारलं. "कुणास ठाऊक! आम्ही कुठे बघितलंय? आमच्याकडून रिकामी जातात."

"कधीच नाही बघितलं? भरलेलं?"

"पंधरा वर्षं झाली इथे येऊन. लाखभर तरी वळली असतील. भरलेलं एक नाही बघितलं." ती हसली. "भरलेल्याशी आपला काय संबंध? ताव द्या, खोकं घ्या. संपलं."

बाई तिथेच खाली बसल्या. वाहवा! पोरं मठ्ठ नव्हती. या पोरांनी आयुष्यात खोक्याला आतून कधी बघितलंच नव्हतं. त्यांच्या लेखी खोकं म्हणजे पुठ्ठा, आणि पुठ्ठ्याबाबत ती एका चौकोनाने चुकत नव्हती. आणि बाई मात्र दोन दिवस त्यांच्यापुढे वळून तयार असलेली खोकी ठेवत होत्या आणि म्हणत होत्या, आत बघा. ती बघणार पुठ्ठ्याकडेच! उलटं करायला हवं होतं. आधी माल, मग खोकं.

बुधवारी बाई वर्गात आल्या त्या तावांचा भारा घेऊन. मावशींनी कात्र्या आणि खळीचं भांडं आणलं. खोकी आणलीच नाहीत. सुताराला आदल्या रात्रीच झोपेतून उठवून आणखी ठोकळे कापून घेतले होते. पोरांचे सहा गट केले आणि प्रत्येक गटापुढे चोवीस ठोकळे ओतले.

"हा तुमचा माल," बाई म्हणाल्या. "हवा तसा रचा. फक्त चौकटीत रचायचा, मध्ये भोक नको. आणि मग त्याच्या अंगाबरोबर खोकं वळा. शिंपी अंगाबरोबर सदरा शिवतो ना, तसं. घट्ट बसलं पाहिजे."

हे काम म्हणजे पोरांच्या घरचं कार्यच की! कात्र्या चालायला लागल्या. कुणी दोन थर केले, कुणी एकच. ढब्बूच्या गटाने सगळे ठोकळे एकामागोमाग एका रांगेत लावले, दीड हात लांब, आणि त्याला खोकं वळताना दोन तावांना जोड द्यावा लागला. तासाभरात सहा खोकी टेबलावर उभी राहिली, सहा तऱ्हांची, एकेक कोपरा सुरीसारखा.

"प्रत्येकाला किती पुठ्ठा लागला?"

"बावन्न!" "छप्पन्न!" "अडुसष्ट!" "सत्तर!" "शहात्तर!" आणि ढब्बू उभा राहून म्हणाला, "अठ्ठ्याण्णव!"

"आणि आत माल किती?"

पोरं आपापल्या खोक्याकडे बघायला लागली. प्रत्येक गटाने स्वतःच्या हाताने मोजून चोवीस घातले होते. दुसऱ्या कुणी बसवले नव्हते, वाळू सांडली नव्हती, बाईंचा वाकडा हात लागला नव्हता. वकील उठली, टेबलाजवळ आली आणि ढब्बूचं लांबुळकं खोकं हातात घेऊन कितीतरी वेळ बघत राहिली.

"म्हणजे बाई," ती सावकाश म्हणाली, "याला ताव जवळजवळ दुप्पट लागलाय, आणि पोटात तेवढंच आहे."

"तेवढंच आहे."

"मग एवढा पुठ्ठा वायाच गेला की!" तिचा आवाज चढला. "बाई, ताव वेगळा आणि पोट वेगळं! तावावरून पोट कळतच नाही!"

"माझा मामा असाच आहे," ढब्बू म्हणाला. "ताडासारखा उंच, सदऱ्याला कापड केवढं लागतं! पण जेवायला बसला की दोन घासांत संपला. आणि मी!" त्याने पोटावर थाप मारली, आणि अख्खा वर्ग हसून लोटपोट झाला. मावशी दारात उभ्या राहून पदराने डोळे पुसत हसत होत्या.

मग काय विचारता! दिवसभर दुसरा धंदा नाही. बाई फळ्यावर कुठल्याही दोन खोक्यांची मापं लिहायच्या आणि पोरं झटकन सांगायची, यात जास्त, त्यात कमी, ही दोन सारखी. दुपारपर्यंत मापं लिहायचीही गरज उरली नाही. नुसती खोकी उचलून दाखवली तरी डोळ्यांनी अंदाज घेऊन सांगायची, आणि दहांपैकी नऊदा बरोबर. शेवटी खोक्यांचीच पोरं ती! एकदा पोट बघायचं म्हणजे काय हे कळल्यावर त्यांना कोण फसवणार? शाळा सुटताना पोरं बाईंभोवती अशी नाचत होती, की बाईंना रडावं की हसावं कळेना. जिवात जीव आला. घरी जाऊन त्या कितीतरी दिवसांनी पोटभर जेवल्या आणि गाढ झोपल्या. बारा कशाला, चोवीसच्या चोवीस पास होतील, हे त्यांना दिसत होतं.

त्या आनंदात एक गोष्ट करायची राहून गेली. ती त्यांच्या ध्यानातही आली नाही.

गुरुवारी साहेब दहाला आले. माणूस वाईट नव्हता. थकलेला, पाठीत किंचित वाकलेला, खांद्याला तीच पिशवी. चोवीसच्या चोवीस पोरं हजर बघून "वा" म्हणाले, आणि पलीकडच्या खोलीत टेबल लावून बसले. एकेक पोर आत जायचं आणि पाच मिनिटांत बाहेर यायचं. बाहेर आलं की बाईंकडे बघून मान हलवायचं, डोळे चमकलेले. बोलायची परवानगी नव्हती. ढब्बू तर बाहेर येताना जवळजवळ उडतच आला. बाईंना वाटलं, छान चाललंय.

वकील शेवटची गेली. तिला वेळ लागला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. दार लोटलेलं होतं, आतून पट्टी टेबलावर ठेवल्याचा आवाज येत होता. मोजतेय, बाई मनात म्हणाल्या, मोज बाळा, हवं तेवढं मोज. मग ती बाहेर आली. चेहरा गंभीर. तिने बाईंच्या डोळ्यांत बघितलं आणि हलकेच गळ्याला हात लावला.

बाईंना एकदम आठवलं. मंगळवारची शपथ! ती त्यांनी परत घेतलीच नव्हती.

तरी एक आशा होती. साहेबांनी गेल्या वर्षीचीच खोकी आणली असली तर? ती सारखीच होती. मग सगळं ठीकच होतं. बाई देवाचं नाव घेत उभ्या राहिल्या. साहेब दोन्ही खोकी काखेत मारून वर्गात आले आणि टेबलावर ठेवली. एकाच नजरेत बाईंना कळलं. ही ती खोकी नव्हती.

"खोकी बदलावी लागली यंदा," साहेब खुर्चीत बसत म्हणाले. "काय करणार, बाई! मागच्या वर्षीचा प्रश्न फुटला की सगळीकडे उत्तर घोकून घेतात. या ठेंगण्यात जास्त मावतं. फार नाही, थोडंसंच. पण तुमच्या चोवीसच्या चोवीस मुलांनी मला सांगितलं, सारखंच मावतं." त्यांनी वही उघडली. "एकानेही दुसरं उत्तर दिलं नाही. एकाने जरी दिलं असतं तरी मी थोडा विचार केला असता."

 बाई वर्गाकडे वळल्या. 

"खरं सांगा," त्या म्हणाल्या. "ठेंगण्यात जास्त मावतं, हे कुणाकुणाला आधीच कळलं होतं?"

ढब्बूने हात वर केला. मग त्याच्या शेजारणीने. मग पुढच्या बाकाने, मागच्या बाकाने. चोवीस हात. पोरं हसत होती. साहेबांनी मान हलवली.

"आता मी उत्तर सांगून टाकल्यावर सगळेच हात वर करणार, बाई."

"साहेब," वकील उभी राहिली, "ठेंगणं नऊ, नऊ, नऊ आहे. त्यात आमचे तीन-तीन सेंटिमीटरचे सत्तावीस ठोकळे बसतील. लांबडं अठरा, बारा, तीन. त्यात चोवीस. तीन ठोकळ्यांचा फरक आहे. पुठ्ठा मात्र लांबड्यालाच जास्त लागलाय, चौदा चौकोन."

 साहेबांनी पट्टी घेतली, एकेक बाजू मोजली, वहीच्या समासात गुणाकार केला, पुन्हा केला. पेन खाली ठेवलं.

"मग मघाशी तू सारखंच का म्हणालीस, बाळ?"

वकील खाली बघायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणी प्रश्न विचारला आणि तिने उत्तर दिलं नाही. ओठ घट्ट मिटलेले, बोटं वेणीत गुंतलेली. बाईंना ते बघवेना.

"मी सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "मी शपथ घालून पढवलं होतं. मंगळवारी. बुधवारी त्यांना खरंच समजलं, साहेब, आणि मी शपथ परत घ्यायला विसरले. चूक माझी आहे. त्यांची नाही. परत विचारा. आत्ता विचारा. दुसरी खोकी दाखवा."

"दुसरी नाहीत माझ्याकडे."

"ही पोरं वळून देतील! दहा मिनिटांत वळून देतील, तुम्ही सांगाल त्या मापाची. मी बाहेर जाऊन उभी राहते. गावाबाहेर जाऊन उभी राहते म्हणा तर."

साहेबांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.  "बाई," ते शेवटी म्हणाले, "नुसतं चुकलं असतं तर मी काहीतरी केलं असतं. आता तुम्हीच सांगताय की उत्तरं पढवलेली होती. हे ऐकून न ऐकल्यासारखं मी कसं करू? तपासणी एकदाच होते. चोवीस उत्तरं लिहून सही झालीय माझी." त्यांनी वकिलाकडे एकदा बघितलं आणि नजर खाली घातली. खोकी पिशवीत भरली आणि निघाले. दारात मावशींनी त्यांना वाट दिली नाही, तेव्हा ते कडेने अंग चोरून गेले.

वर्गात कुणाला काय झालं ते अजून नीट कळलं नव्हतं. साहेब गेले, म्हणजे परीक्षा संपली, एवढंच पोरांना कळलं होतं. वकील बाईंजवळ आली.

"बाई, मी मोजलं होतं. मला माहीत होतं. खूप वाटत होतं सांगावं," ती हळूच म्हणाली. "पण मी वकिली केली नाही. एक शब्दसुद्धा बोलले नाही. आता सहावी मिळेल ना?"

 बाई पहिल्या बाकावर, पोरांच्या त्या बुटक्या बाकावर बसल्या आणि ओंजळीत तोंड लपवून रडायला लागल्या. पंधरा वर्षांत बाई पोरांसमोर कधी रडल्या नव्हत्या. पोरं घाबरली. आपलं काही चुकलं, उत्तर चुकलं, म्हणून बाई रडतायत, असं त्यांना वाटलं. ढब्बू सगळ्यांत आधी पुढे आला आणि बाईंच्या खांद्याला हात लावून म्हणाला, "बाई, ठेंगण्यात सत्तावीस, लांबड्यात चोवीस." मग दुसरी म्हणाली. मग बाकांवरून उठून सगळीच त्यांच्याभोवती गोळा झाली आणि त्यांची समजूत घालायला लागली, "सत्तावीस आणि चोवीस, बाई. आम्हाला येतंय. रडू नका ना. सत्तावीस आणि चोवीस."